जमाखर्चाची दुसरी बाजू : धर्मांतर, साक्ष आणि ‘स्मृतिचित्रे’

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाचा दृष्टान्त येतो. पाया घालून झाल्यावर पैसा संपला तर पाहणारे हसतील, तेव्हा आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा त्याचा व्यवहारी आशय आहे. मूळ ग्रीक संहितेत या ठिकाणी आलेले क्रियापद खडे मांडून मोजण्याच्या जुन्या रीतीवरून बनलेले आहे. मात्र या दृष्टान्ताच्या थोडेसेच आधी जे वचन येते त्याला व्यवहारी म्हणता येणार नाही. आईबाप, बायको, मुले, भावंडे, इतकेच नव्हे तर स्वतःचा जीव, यांचा द्वेष केल्यावाचून शिष्यत्व लाभत नाही, असा त्याचा भावार्थ आहे. येथील ‘द्वेष’ सेमिटिक भाषांच्या वळणानुसार ‘तुलनेने कमी प्रेम’ अशा अर्थाने घ्यावा, असे भाष्यकार सुचवतात आणि ते ग्राह्य आहे. तरीही ज्या खर्चाचा अंदाज घ्यायचा तो खर्च म्हणजे माणसेच आहेत, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. बुरूज बांधणारा आपल्या गाठीचा पैसा मोजतो. आईबाप आणि बायको हे कोणाच्याच गाठीचे नाणे नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहताना हा भेद ध्यानात घेतला तर त्या वाङ्मयाचे काही सर्वपरिचित ग्रंथ निराळे दिसू लागतात.

ज्या इंग्लंडातून मिशनरी येत होते त्या इंग्लंडात हा हिशेब कसा मांडला जात होता, हे पाहण्याजोगे आहे. पुढे लिव्हरपूलचे बिशप झालेल्या जे. सी. राइल यांच्या ‘होलिनेस’ या ग्रंथाच्या १८७९ च्या विस्तारित आवृत्तीत ‘किंमत’ याच विषयावर एक प्रकरण आहे. खरा ख्रिस्ती होण्यासाठी माणसाला चार गोष्टी सोडाव्या लागतात असे राइल म्हणतात : स्वतःच्या नीतिमत्तेचा अभिमान, पापे, सुखासीनता आणि जगाची मर्जी. यादी प्रामाणिक आहे. परंतु ती अशा माणसाची आहे, जो रविवारी देवळातून घरी येतो तेव्हा घर जागेवरच असते. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात बाप्तिस्मा घेणाऱ्या उच्चवर्णीय तरुणापुढची यादी याहून फार वेगळी होती. तीत पाणी होते, पंगत होती, वडिलार्जित घर होते, श्राद्धाचा अधिकार होता आणि लग्नाची बायको होती.

या यादीतील काही रकमा सरकारने कायद्याने कमी केल्या. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे किंवा जातिबहिष्कृत झाल्यामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद झाली. या कायद्याविरुद्ध बंगाल आणि मद्रास येथील हिंदूंनी निवेदने धाडली. पिंड द्यायचा नाही, वाटा मात्र घ्यायचा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्याला नुसते सनातनीपण म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने तो हिशेबाचाच मुद्दा होता. नंतर १८६६ मध्ये, योगायोगाने एकविसावाच, आणखी एक कायदा झाला. ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयाला त्याच्या धर्मांतराच्या कारणावरून पतीने वा पत्नीने टाकले तर न्यायालयाकडे जाऊन, ठरावीक मुदतीनंतर, विवाहबंधनातून मोकळे होण्याची वाट त्याने खुली केली. मोकळीक कागदावर दोघांनाही होती. प्रत्यक्षात धर्मांतरित पुरुष पुन्हा संसार मांडू शके; मागे राहिलेल्या ब्राह्मण स्त्रीला ती मोकळीक वापरायला जातीत जागाच नव्हती. दोन्ही कायद्यांनी निर्णय घेणाऱ्याचा भार हलका केला. निर्णय ज्यांच्यावर येऊन पडला त्यांच्या नुकसानीची नोंद करायला त्या कायद्यांत रकाना नव्हता.

१८४३ चे शेषाद्री प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. नारायण शेषाद्री यांनी मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांकडे राहिलेला त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत याला मात्र न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले. त्यानंतर मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावर शास्त्रीमंडळीत कडाक्याचा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूने उभे राहून स्वजनांचा रोष ओढवून घेतला. महाराष्ट्रातील शुद्धीच्या चर्चेचा आरंभ म्हणून या प्रकरणाचा उल्लेख इतिहासकार करतात. थोरल्या भावाने मोजलेल्या किमतीचा एक हप्ता धाकट्याच्या नावावर कसा चढला, या अंगाने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

वाङ्मयाच्या पातळीवर हा हिशेब प्रथम ठसठशीतपणे मांडला तो बाबा पद्मनजी यांनी. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. या कादंबरीतील यमुना वैधव्यानंतर ख्रिस्ती होते आणि पुन्हा विवाह करते. जिच्याजवळ गमावण्यासारखे जातीने काहीच शिल्लक ठेवलेले नाही अशी नायिका लेखकाने निवडली, त्यामुळे धर्मांतर येथे निव्वळ जमेच्या बाजूला पडते. प्रचारकाची ही निवड चतुर आहे, आणि विधवांच्या स्थितीचे तिच्यातून आलेले चित्र खोटेही नाही. पण खर्चाचा प्रश्न त्या निवडीतच मिटवला गेला आहे. तीस वर्षांनी, १८८८ मध्ये, आलेल्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात तो प्रश्न टाळणे शक्य नव्हते. तेथे घर आहे, घरातली उपासना आहे, आईवडिलांचे दुःख आहे. पद्मनजी ते दुःख दडवत नाहीत. तथापि ग्रंथाचे नावच त्याची रचना सांगते : अंधारातून उजाडण्याकडे जाणारी ही वाट आहे आणि तिचा मुख्य पल्ला बाप्तिस्म्यापर्यंतचा आहे. घरच्यांचे रडणे या वाटेवर एक अडथळा म्हणून येते, मोहाच्या जातीचे म्हणून येते. ते ओलांडण्यासाठी असते, ऐकण्यासाठी नसते. ‘साक्ष’ या वाङ्मयप्रकाराची ही अंगभूत मर्यादा आहे. साक्ष देणारा आपण काय सोडले ते सांगतो; जे सोडले गेले त्यांना साक्षीला बोलावले जात नाही. शिवाय साक्ष बहुधा खरेदीच्या क्षणी संपते. हप्ते त्यानंतर सुरू होतात.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या नमुन्यात बसत नाही. वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईबाप, भाऊ आणि पती हे सारे मृत्यूने आधीच नेलेले होते. सोबत होती लहानगी मनोरमा. कुटुंब सोडण्याची किंमत त्यांना द्यावी लागली नाही. ती वेगळ्या दोन ठिकाणी द्यावी लागली. एक, चर्चच्या अधिकाराशी. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या पत्रव्यवहारातून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा झगडा दिसतो, आणि हिंदू शास्त्र्यांपुढे न वाकलेली ही बाई बिशपांपुढेही सहजी वाकायला तयार नव्हती हे स्पष्ट होते. दुसरी किंमत सार्वजनिक होती. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन पुढे पुण्यात आलेल्या शारदासदनात मुलींना ख्रिस्ती करण्यात येत आहे, असा आरोप होऊन १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. या वादात ‘केसरी’ काय म्हणाला आणि रमाबाई काय म्हणाल्या, हे पुष्कळदा लिहिले गेले आहे. ज्या बालविधवांची पाटी-पुस्तके त्या दिवशी मिटली त्या काय म्हणाल्या, हे कोणत्याच बाजूच्या कागदात ऐकू येत नाही.

ही न ऐकू येणारी बाजू मराठीत एकाच ग्रंथात पूर्णपणे ऐकू येते, आणि तो ग्रंथ त्या हेतूने लिहिलेला नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, असा मुलाचा, देवदत्त टिळकांचा, आग्रह होता. म्हणजे लक्ष्मीबाईंकडे मागणी होती ती पुरवणी साक्षीची. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत जे प्रसिद्ध झाले ते ‘स्मृतिचित्रे’ मात्र टिळकांपासून सुरूच होत नाही. ते सुरू होते १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेल्या फाशीने आणि त्यानंतर वडिलांना जडलेल्या सोवळ्याच्या वेडाने. बाजारातून आणलेला प्रत्येक जिन्नस, मीठसाखरेसकट, धुऊन घेण्याचा त्या घराचा दंडक होता. वाचक या प्रकरणावर हसतो. समीक्षेनेही त्याची दखल बहुधा विनोदाचा नमुना म्हणूनच घेतली आहे. पण कष्टांच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. सोवळ्याची निष्ठा वडिलांची. धुणे, वाळवणे, पुन्हा धुणे आणि धाकात राहणे घरातल्या बायकामुलांचे. पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर जे घडते त्याची मांडणी ग्रंथाच्या पहिल्याच पानांत झालेली आहे. धर्म बदलला, निष्ठा ठेवणारा पुरुष बदलला, किंमत चुकती करणारी जागा तीच राहिली. लक्ष्मीबाई हे विधान म्हणून कोठेही लिहीत नाहीत. एकापुढे एक आठवण ठेवण्याच्या क्रमातून ते होते.

बाप्तिस्म्यानंतरच्या वियोगाची वर्षे हा ‘स्मृतिचित्रे’चा कणा आहे. पती जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. म्हटले तर सवाशीण, म्हटले तर टाकलेली. आणि कोणी कोणाला टाकले याचे उत्तर देणाऱ्यागणिक निराळे. समाजाजवळ या स्थितीला नाव नव्हते, आणि १८६६ च्या कायद्याजवळ जे नाव होते ते तिने पतीला सोडले असे म्हणणारे होते. टिळक त्या वाटेने गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पदरात लहान दत्तू, आश्रय नातेवाइकांचा, आणि आश्रयाबरोबर येणारे उपदेश, टोमणे, कळवळा हे सगळे एकाच स्वरात, जवळजवळ घरगुती गप्पांच्या स्वरात, येते. या स्वराला ‘निर्व्याज’ म्हणण्याची मराठी समीक्षेला सवय आहे. ती सवय तपासून घ्यायला हवी. फिर्यादीच्या भाषेत लिहिले असते तर निकाल मागावा लागला असता, आणि निकाल पतीविरुद्ध तरी गेला असता किंवा त्याच्या देवाविरुद्ध तरी. लक्ष्मीबाईंना दोन्ही नको होते. विनोदामुळे रक्कम नोंदवता येते आणि वसुली न मागताही राहता येते. हे भाबडेपण नव्हे. लेखनातली ही जाणती युक्ती आहे.

याहूनही महत्त्वाचा आहे तो त्यांच्या स्वतःच्या धर्मांतराचा क्रम. पतीजवळ परत आल्यावरही त्या स्वतःचे पाणी आणि चूल वेगळी ठेवून राहिल्या. नंतर एका टप्प्यावर, जात ही देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. पद्मनजींच्या पिढीत श्रद्धा आधी पालटते आणि जात तिच्यामागून, किंमत म्हणून, जाते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जात आधी गेली, तीही कोणत्याही मोबदल्यावाचून. त्यानंतर स्वीकारलेल्या श्रद्धेला त्या किमतीची भाषा लावीत नाहीत, कारण ती देऊन झालेली होती. पतीच्या निर्णयाची परतफेड पाच वर्षे करून झाल्यावर त्यांनी आपला निर्णय आपल्या खात्यावर घेतला, असे म्हणता येईल. दृष्टान्तातला बुरूज बांधणारा ज्या अर्थाने आपल्या गाठीचे मोजतो त्या अर्थाने ‘स्मृतिचित्रे’त एकच व्यक्ती मोजते, आणि ती टिळक नव्हे.

टिळकांच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येतो असे मानण्याचे कारण नाही. घरातली वस्तू समोरच्याला देऊन मोकळा होणारा हा कवी हिशेबाच्या जातीचाच नव्हता, आणि त्यांच्या अभंगांतील आर्तता त्याच बेहिशेबी वृत्तीतून आली आहे. मराठी भक्तिपरंपरा ख्रिस्ती उपासनेत नेण्याचे त्यांचे कार्य त्या वृत्तीवाचून झालेही नसते. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. पगार गेला, संन्यस्त वृत्ती आली. संसार मात्र होता तेथेच होता, आणि तो कोण चालवत होते हे ‘स्मृतिचित्रे’चा वाचक एव्हाना विचारीत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले होते. पुढचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये ते काव्य प्रसिद्ध झाले.