मासे नंतर, आधी पाणी: एका रिकाम्या टाकीचा इतिहास

आजचा एपिसोड एका काचेच्या टाकीवर आहे. त्या टाकीत सध्या एकही मासा नाही. पाणी आहे, वाळू आहे, फिल्टर बुडबुड करतोय, आणि माझी सात वर्षांची भाची रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, "मामा, आज आणणार का?" मी म्हणतो, अजून नाही. हे "अजून नाही" म्हणायला माणसाला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट.

सुरुवात माझ्या गाढवपणापासून. मागच्या दिवाळीत जळगावला घरी गेलो होतो. भाचीसाठी दोन फुटी टाकी आणली, 2 बाय 1 बाय 1, म्हणजे साधारण 56 लिटर. दुकानदार म्हणाला, पाणी भरा, हे निळं औषध टाका, संध्याकाळी मासे सोडा. सहा गोल्डफिश सोडले. चौथ्या दिवशी ते वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. नवव्या दिवशी शेवटचा गेला. भाची रडली नाही, तिने फक्त विचारलं, "पण पाणी तर किती स्वच्छ होतं ना मामा?"

हा प्रश्न डोक्यात बसला भो. आम्ही ऑफिसात साधं बटण बदललं तरी आधी टेस्टिंग करतो, आणि इथे मी सहा जीव थेट प्रॉडक्शनवर सोडले होते. मग वाचत गेलो आणि पोचलो 1849 च्या लंडनमध्ये.

तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. लंडनच्या केमिकल सोसायटीच्या स्थापनेत यांचा मोठा वाटा. त्यांनी 12 गॅलनचं काचेचं भांडं घेतलं, म्हणजे जवळपास आमच्याच टाकीएवढं. त्यात पाणी, वाळू, दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. कल्पना सरळ होती: मासा सोडतो तो कार्बन डायऑक्साइड झाड घेणार, झाड सोडतं तो ऑक्सिजन मासा घेणार. पण झाडाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकं खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, पाणी निवळलं. 1850 मध्ये हे सगळं त्यांनी सोसायटीपुढे मांडलं.

मग काय, फॅशनच आली. काचेवरचा कर इंग्लंडमध्ये 1845 लाच उठला होता, काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, 1854 मध्ये फिलिप गॉस यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि दिवाणखान्यात टाकी असणं म्हणजे सुशिक्षितपणा असं झालं. आपल्याकडे ही हौस सामान्य माणसाला दाखवली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. खान्देशातून मुंबईला गेलेली शाळेची सहल चौपाटीसोबत तेही बघून यायची.

पण वॉरिंग्टन यांचं उत्तर अर्धंच होतं. झाड आणि मासा यांचा हिशोब जुळला की टाकी "संतुलित", असं लोक पुढे कितीतरी वर्षं मानत राहिले. मासा फक्त श्वास सोडत नाही. तो कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, दिवसरात्र. उरलेलं खाद्य कुजलं की आणखी अमोनिया. त्याला रंग नाही. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर तेच: पाणी स्वच्छ दिसत होतं, आणि विषारी होतं.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. वॉरिंग्टन यांना एक मुलगा होता, त्याचंही नाव रॉबर्ट. वडिलांनी टाकी मांडली तेव्हा हा साधारण अकरा वर्षांचा. मोठा होऊन तो शेतीचा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात कामाला लागला. प्रश्न होता, शेणखतातला अमोनिया जमिनीत गेल्यावर नायट्रेट कसा बनतो? 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी सांडपाणी वाळूच्या थरातून हळूहळू झिरपू दिलं. काही दिवस काहीच नाही. मग अचानक अमोनिया कमी आणि नायट्रेट सुरू! वाळूत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद. म्हणजे हे काम कोणीतरी जिवंत करत होतं.

धाकट्या वॉरिंग्टननी हे पुढे नेलं आणि दाखवलं की काम दोन टप्प्यांत चालतं. एक जण अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. पण हे जिवाणू वेगळे काढायला त्यांना काही जमेना. वर्षानुवर्षं प्रयत्न केले. त्या काळात जिवाणू वाढवायचे ते जिलेटिनसारख्या पौष्टिक पदार्थावर, आणि या मंडळींना ती मेजवानी नकोच होती. 1890 मध्ये झुरिचला सर्गेई विनोग्राड्स्की यांनी सेंद्रिय काही न घालता, नुसत्या क्षारांवर त्यांना वाढवलं आणि बाजी मारली. विचार करा, बापाने टाकी मांडली, पोराने तिच्यातलं न दिसणारं अर्धं काम शोधलं, पण शेतातल्या मातीत. दोघांच्या कामाची सांगड घरच्या टाकीशी घालायला आणखी बराच काळ गेला. टाकीत नायट्राइट खाणारा जिवाणू मुख्यतः नायट्रोस्पिरा असतो, हे तर 1998 मध्ये कळलं. आणि 2015 मध्ये कळलं की काही नायट्रोस्पिरा दोन्ही टप्पे एकटेच करतात. त्यातला एक सापडला कुठे? मासे पाळायच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये.

हे मी घरी सांगत होतो, तर आजोबा म्हणाले, "मग आमची पांढरी काय होती?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे शेताची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. शेकडो वर्षं राख, शेण, गुरांचं मूत, पडक्या घरांची माती साचून गावाची जमीन पांढुरकी होते. जुन्या ओसाड गावठाणाची ही माती शेतकरी गाड्या भरभरून शेतात टाकायचे, खत म्हणून. ती खत का होती? त्यात नायट्रेट होता. आणि तो बनवला होता फिल्टरमधल्या जिवाणूंचंच काम करणाऱ्या मातीतल्या जिवाणूंनी. चाळीसगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशे, इथल्या अशाच जुन्या टेकाडांत 1950 च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातल्या वस्त्या सापडल्या. नाव माहीत नव्हतं, पण आपल्या माणसांना एवढं नक्की माहीत होतं की हे काम एका रात्रीत होत नाही, त्यासाठी माती मुरावी लागते.

टाकीही मुरावीच लागते. सहसा चार ते सहा आठवडे. यावेळी मी काय केलं ते सांगतो. नळाचं पाणी भरलं. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, धुळ्याला तापीचं किंवा नकाणे तलावाचं, कुठलंही असलं तरी त्यात क्लोरीन असतो, आणि तो माशांना तसाच जिवाणूंनाही मारतो. म्हणून अँटीक्लोरीन. हे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या डार्करूममधला हायपो. चाळीसगावचे केकी मूस कृष्णधवल फोटो काढत होते त्या जमान्यात हा प्रत्येक फोटोग्राफरच्या कपाटात असायचा. फिल्टर चोवीस तास चालू. मासे नाहीत, म्हणून जिवाणूंना जेवण म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकतो, ते कुजून अमोनिया होतो. एका मित्राच्या जुन्या टाकीतला, काळा पडलेला स्पंज पिळून आमच्या फिल्टरवर ओतला, त्याने वेळ वाचतो. (स्पंज कधी नळाखाली धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवा.)

आरओचं पाणी मात्र नको. त्यातले क्षार गेलेले असतात आणि या जिवाणूंना क्षार लागतात. आपलं बोअरचं जड पाणी त्यांना आवडतं, पण त्यात एक मेख आहे. पाण्याचा पीएच 7 असेल तर 25 अंशांना एकूण अमोनियातला शेकड्याला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच 8 झाला की तो पाचच्या वर जातो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. वर गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. म्हणजे मे महिन्यात, 44 अंशांच्या दुपारी, लाइट गेलेली असताना, खान्देशातली कच्ची टाकी पुण्यातल्यापेक्षा लवकर मासे मारते. दिवाळीत माझे नऊ दिवस टिकले. उन्हाळ्यात तेवढेही टिकले नसते.

आज एकोणिसावा दिवस. टेस्ट किटमध्ये अमोनिया उतरलाय, नायट्राइटची नळी मात्र गडद जांभळी आहे, म्हणजे पहिली टोळी कामाला लागली, दुसरी अजून यायचीय. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट दिसायला लागला, की अर्धं पाणी बदलायचं आणि मग दोनच मासे. तेही गप्पी, कारण गोल्डफिशला दोन फुटी टाकी लहान पडते, हेही मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

भाचीने घरी कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केलीय. काल तिने विचारलं, "मामा, ते जिवाणू आता किती झाले?" मी म्हटलं, दिसत नाहीत ना गं. ती म्हणाली, "मग त्यांना पण नाव ठेवूया."

अजून ठरलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर पाठवा.