दुरुस्तीचे टिपण : एका औद्योगिक साधनाचा इतिहास

कारखान्यातील पंप बिघडल्याची वर्दी आणि तो पुन्हा चालू झाल्यावर केली जाणारी सही, ह्या दोहोंमधला सारा व्यवहार आज बहुधा संगणकात नोंदला जातो. काम कोणी मागितले, कोणी मंजूर केले, कोणता फिटर गेला, किती तास लागले, भांडारातून कोणते सुटे भाग निघाले, हे सर्व एका क्रमांकाखाली येते. ह्या नोंदीस वर्क ऑर्डर म्हणतात. तिच्या व्यवस्थेचा इतिहास सामान्यतः संगणकाच्या इतिहासाचे एक पोटप्रकरण म्हणून सांगण्यात येतो. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. मूळ प्रश्न संगणकाहून जुना आहे. दुरुस्तीची नोंद करावयाची ती कामगारावर नजर ठेवण्यासाठी, की यंत्राविषयी काही कळावे म्हणून?

फ्रेडरिक टेलर ह्याच्या ठायी हे दोन्ही हेतू एकत्र दिसतात. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात यंत्रांना गती देणाऱ्या पट्ट्यांच्या नोंदी त्याने नऊ वर्षे ठेवल्या आणि १८९३ मध्ये त्यांवर निबंध वाचला. पुढे १९०३ मधील आपल्या ‘शॉप मॅनेजमेंट’ ह्या प्रबंधात नियोजनखात्याच्या कामांत त्याने ‘टिकलर’चा समावेश केला. टिकलर म्हणजे तारीखवार लावलेली आठवणीची कपाटफाईल. ज्या दिवशी जे तपासावयाचे त्याचे टिपण त्या दिवशी आपोआप हाती यावे, अशी तिची योजना. आजच्या प्रणाली ठरल्या तारखेस वर्क ऑर्डर काढतात, त्यांचे मूळ ह्या फाईलीत आहे. टेलरवर कामगारांच्या बाजूने पुष्कळ टीका झाली व ती बव्हंशी रास्त होती. तथापि त्याच्या पट्ट्यांकडे मात्र टीकाकारांचे फारसे लक्ष गेले नाही.

खरी कलाटणी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडे जर्मन पाणबुड्यांचा शोध घेण्याचे काम होते आणि विमाने अपुरी होती. तेथील संशोधनविभागात आलेले सेसिल गॉर्डन आणि सी. एच. वॉडिंग्टन हे दोघेही व्यवसायाने आनुवंशिकीचे अभ्यासक होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कमांडचा दंडक असा होता की, स्क्वाड्रनमधील सुमारे तीनचतुर्थांश विमाने सदैव उड्डाणयोग्य असावीत. गॉर्डनने दाखवून दिले की, हा दंडकच उलटा परिणाम घडवितो. विमान जितके कमी उडवावे तितके ते उड्डाणयोग्य राहते. म्हणजे उत्तम आकडे मिळविण्याचा सोपा मार्ग न उडण्याचा होता. मोजावयाचे ते उड्डाणाचे तास, असे त्याचे म्हणणे. १९४२ मध्ये ५०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ह्या धोरणाचा प्रयोग झाला आणि उड्डाणाचे प्रमाण लक्षणीय वाढले.

पण त्याहून विलक्षण निष्कर्ष नोंदींच्या चिकित्सेतून निघाला. विमानांची तपासणी ठरावीक उड्डाणतासांनंतर, उदाहरणार्थ दर ५० तासांनी, होत असे. आकस्मिक बिघाड मागील तपासणीनंतर किती तासांनी झाले, ह्याचा आलेख मांडला तेव्हा दिसले की, बिघाड सर्वांत अधिक होतात ते तपासणीनंतर लगेच आणि पुढे ते घटत जातात. तपासणीने विमान सुधारत असते, तर तिच्यानंतर बिघाड कमी दिसावयास हवे होते. वॉडिंग्टनने अर्थ लावला तो असा : ठीक चाललेली यंत्रे खोलून आपणच त्यांत बिघाड उत्पन्न करतो. हा वृत्तांत त्याने १९४६ मध्ये लिहिला, परंतु गुप्ततेमुळे तो १९७३ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. त्या विभागाचा पाया घालणारे पॅट्रिक ब्लॅकेट १९४७ नंतर नेहरूंचे संरक्षणविषयक सल्लागार झाले. त्यामुळे ह्या संशोधनपरंपरेचा एक धागा आपल्याही देशापर्यंत येतो.

नागरी विमानवाहतुकीस हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढावा लागला. बोइंग ७४७ साठी १९६८ मध्ये देखभालीची नवी पद्धत आखण्यात आली. युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप ह्यांच्या १९७८ च्या अहवालात, तपासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांच्या बाबतीत वयोमर्यादा ठरवून ते बदलण्याचा काहीच उपयोग नाही, असे आढळले. ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता नव्या अवस्थेतच अधिक होती.

संगणकाच्या काळाविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रथम छिद्रपत्रे व मोठी यंत्रे आली, मग टेबलावरचे संगणक. ‘मॅक्सिमो’सारखी प्रणाली १९८५ पासून आहे. आता फिटरच्या हाती मोबाइल असतो. वर्क ऑर्डर बंद करताना दोष, कारण आणि उपाय ह्यांचे संकेतांक भरावयाचे असतात. गोची होते ती येथेच. पाळी संपता संपता घाईने भरलेल्या रकान्यात बहुधा ‘इतर’ हाच संकेतांक पडतो, कारण व्यवस्थापक विचारतो ते किती ऑर्डरी वेळेवर बंद झाल्या एवढेच. कोस्टल कमांडच्या तीनचतुर्थांश विमानांचाच हा नवा अवतार होय. वॉडिंग्टनला आलेख काढता आला, कारण बिघाड कोणता आणि तो कितव्या तासाला झाला, हे कोणा अनामिक मेकॅनिकने कागदावर लिहून ठेवले होते. आजच्या प्रणालीत तारीख सेकंदापर्यंत अचूक असते. परंतु यंत्र उघडल्यावर आत काय दिसले, हे लिहिण्याचा रकाना पुष्कळदा रिकामाच आढळतो.