कणगीतले साठ कुडव

तुम्ही उतरता ते गोव्यातल्या शिरगावच्या गर्दीत. साल 1955, वैशाख शुद्ध पंचमी, लईराईची जत्रा. गळ्यात मोगऱ्याच्या माळा, हातात वेताच्या काठ्या घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जायची वाट बघत आहेत. पण तुम्हाला ज्या बाईच्या मागून वर्षभर फिरायचं आहे, तिचं लक्ष निखाऱ्यांवर कमी आणि कनवटीच्या गाठीवर जास्त आहे. पन्नाशीची, काष्टा घट्ट मारलेली. ती कोरगावची, म्हणजे पेडणे महालातली. लेक इथे डिचोलीत दिलेली. जत्रा हे निमित्त आहे, पण खोटं निमित्त नाही. देवीला मोगरा वाहायचा, लेकीला बघायचं आणि परतताना डिचोलीच्या कुंभारांकडून मडकी न्यायची, अशी तिन्ही कामं तिने एकाच फेरीत बसवली आहेत.

कुंभारवाड्यात ती मडकं उचलते, डाव्या हातावर तोलते आणि उजव्या हाताची पेरं त्याच्या पोटावर वाजवते. आवाज बसका आला की खाली ठेवते. कुंभार हसतो, कारण दरवर्षी हेच चालतं. शेवटी चार मडकी ठरतात : एक खारातल्या आंब्यांना, एक सोलांना, एक चिंचेला, एक खाऱ्या बांगड्यांना. पैसे देताना ती तांगे मोजते. सोळा तांग्यांचा रुपया, म्हणजे तांगा हा आपल्या आण्यासारखाच. चौथ्या मडक्यावरून अर्धा तांगा कमी व्हावा म्हणून ती जेवढा वेळ उभी राहते, तेवढ्यात तुम्ही एखादा चहा पिऊन आला असता. चहाचा विचार मात्र सोडा. साखर तिच्या घरात सणाला येते.

लेकीच्या घरी साखर आहे. जावई खाणीवर जातो, लेकही कधी मातीच्या पाट्या वाहायला जाते. डिचोलीच्या डोंगरांतलं लोखंड डोक्यावरून, मग ट्रकातून, मग नदीतल्या होड्यांतून मुरगावला जातं आणि तिथून जपानला. बदल्यात या घरात आठवड्याला रोख पैसे येतात. डबा आहे, आरसा आहे, मुलाला विकतची चड्डी आहे. तुम्हाला वाटेल, सुटले हे लोक. सासूबाईंना, म्हणजे आपल्या बाईंना, तसं वाटत नाही. त्या सगळं घर नजरेने मोजतात आणि एकच गोष्ट विचारतात : “पावसाक किदें दवरलां?” पावसासाठी काय ठेवलंय? लेक गप्प. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, समुद्र खवळला की बंदरातली जहाजंही थांबतात. मजुरी नेमकी तेव्हा आटते, जेव्हा दुकानातला तांदूळ सगळ्यात महाग असतो. आठवड्याचा हिशोब आठवड्यात पुरा होतो. वर्षाचा होत नाही.

आता कोरगाव. घर मातीचं, भाटकाराच्या जागेतलं. घरवाले मुंडकार, म्हणजे भिंती यांच्या आणि जमीन दुसऱ्याची. बोलावलं की भाटकाराच्या कामाला जायचं. आत, रांदणीच्या पलीकडे, कणगी उभी आहे : बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली, तुमच्या खांद्याएवढी. आल्या आल्या बाई तिच्या अंगावर पेरं वाजवत खाली खाली येते. वर पोकळ आवाज, मग एका ठिकाणी भरीव. तिथे तिचा हात थांबतो. साठ कुडव. वीस कुडवांची एक खंडी, म्हणजे तीन खंड्या भात. कांडून त्याचा तांदूळ होईल दोन-तृतीयांशाच्या आसपास. नवं भात घरात यायला दसरा उजाडणार. माणसं सहा.

आणि सातवे तुम्ही. कोणी काही बोलत नाही. पाहुण्याला असं विचारायची रीत नाही. पण संध्याकाळी मापटं कणगीतून बाहेर येताना ते नेहमीएवढंच भरलेलं असतं, आणि पेजेत पाणी थोडं जास्त पडतं. अंदाजपत्रकात तुमची तरतूद झाली ती एवढ्यावर.

मिरगाला महिना उरला आहे आणि घरात युद्धाची तयारी चालली आहे. पुरुमेंत करायचा, म्हणजे पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. हरमलच्या मिरच्या अंगणात वाळतात. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ पाटीतून येतं, त्याच्याखाली भांडं ठेवतात, कारण पाझरणारं पाणीही वाया घालवायचं नसतं. फणसाच्या आठळ्या मातीत पुरल्या जातात. चिंच, कुळीथ, अळसांदे, कांद्याच्या माळा. सुकी सुंगटं (कोलंबी) आणि गालमो (बारीक सुकट), कारण आषाढात होडी समुद्रात जाणार नाही आणि गेली तरी तिच्यातली मासळी या घराला परवडणार नाही. शुक्रवारी चोपड्याच्या तरीने शापोरा ओलांडून म्हापशाच्या बाजारात जायचं, ते नारळ घेऊन. यायचं, ते सुकी मासळी घेऊन. त्या फेरीत पैसे हाताला लागतात आणि हातून जातात, एवढंच.

तुम्हाला काम मिळतं ते भिरंडांचं, म्हणजे कोकमांचं. फळ फोडून साल वेगळी, बिया वेगळ्या. बियांच्या भोवतीचा रस आणि मीठ एका भांड्यात. साली दिवसभर उन्हात, तिन्हीसांजेला त्या रसात बुडवायच्या, सकाळी परत उन्हात. रोज हेच, साल काळीभोर आणि मऊ होईपर्यंत. तुमची बोटं लाल होतात आणि नखांतला आंबटपणा आंघोळीनेही जात नाही. संपलं असं तुम्हाला वाटतं तेव्हा बाई बिया मागते. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगतं ते भिरंडेल. थंड झालं की त्याचे गोळे वळायचे. लावणीच्या चिखलाने टाचा फुटल्या की तेच औषध. फळाचं काय टाकलं म्हणून तुम्ही शोधू लागता. टरफलं चुलीत गेलेली आहेत.

अलीकडे काटकसरीवर फार गोड लिहिलं जातं : साधेपणा, निसर्गाशी नातं वगैरे. या अंगणात ते वाक्य कोणाला ऐकवून बघा.

बाहेरच्या जगाची गंमत अशी, की या सालात गोव्याच्या दुकानांत काही वस्तूंची चंगळ आहे. भारताने 1954 पासून आर्थिक नाकेबंदी लावली आहे. घाटावरचा माल बंद, म्हणून पोर्तुगीज सरकार जहाजं मागवतं : बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. पणजी-म्हापशात परदेशी घड्याळं आणि नायलॉन मिळतं. कोरगावात मुंबईच्या गिरणीचं लुगडं मिळत नाही. थोरला मुलगा मुंबईत आहे. त्याच्याकडून येणारे पैसे आता सरळ वाटेने येत नाहीत, कधी कोणाच्या तरी हाती येतात, कधी येतच नाहीत. सरहद्दीवरून रात्री डोक्यावर ओझं घेऊन ये-जा करणारे आहेत. त्यांच्याबद्दल घरात मोठ्याने बोलत नाहीत. नाकेबंदी कोणासाठी आहे, पाखल्यांसाठी (म्हणजे पोर्तुगिजांसाठी) की आपल्यासाठी, असा प्रश्न धाकटा एकदा विचारतो. बाप म्हणतो, पेज जेव.

मिरग लागतो. पंधरा दिवसांत तुम्हाला कळतं, की इथे जेवण ठरतं ते भुकेवर नाही, तिथीवर. जूनमध्ये तायखिळो, मग तेरें, मग आकूर, बांबूचं किल्ल, सगळ्या रानभाज्या. सगळं फुकट, फक्त भिजायची तयारी हवी. अळंबी मात्र ताटात येत नाही. पोरं रानातून काढतात, पानात बांधतात आणि पेडण्याच्या बाजारात विकतात. जे महाग जातं ते विकायचं, जे जात नाही ते खायचं. म्हणून कोंबडीची अंडीही तुम्हाला फक्त दिसतात. रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवतात, सकाळी फुंकणीने जागा करतात. काडेपेटी कोनाड्यात आहे. ती उघडताना बाईचा चेहरा बघा.

आषाढात लेक डिचोलीहून मुलाला घेऊन येते. खाण बंद, जावयाचं पसरकाराकडे, म्हणजे वाण्याकडे, उधारीचं खातं भरलेलं. आता कणगीवर नऊ माणसं. पेज आणखी पातळ होते. सकाळच्या पेजेला तोंडाक म्हणून कुळीथ, नाहीतर चुलीत भाजलेल्या सुक्या सुंगटांची किसमूर, नाहीतर नुसती मिठातली कैरी. नाचणीची आंबील दुपारी. मग श्रावण येतो आणि बाईच्या हातात मोठं शस्त्र येतं : उपास. सोमवार, एकादशी, आणखी कसला तरी नेम. मोठी माणसं उपास करतात, मुलं जेवतात. देव आणि कणगी एकाच वेळी प्रसन्न. तिच्या श्रद्धेबद्दल मला काडीची शंका नाही. पण तिचे उपास सुनेच्या उपासांपेक्षा जास्त आहेत, आणि सुनेचे घरातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा जास्त, हे तुम्ही मोजलं तर कोणी अडवणार नाही.

15 ऑगस्टला गोवामुक्तीसाठी पत्रादेवीच्या सरहद्दीवर आलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार होतो. सत्याग्रही निःशस्त्र होते. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग तिथेच पडतो. बातमी गावात कुजबुजीने पोचते. पोलीस वाटांवर उभे, सरहद्दीच्या बाजूची वर्दळ थांबलेली. पुढे कुळ्याहून कॅसलरॉकला जाणारी आगगाडीही बंद पडते. बाई त्या संध्याकाळी पणती लावते आणि मग तेलाकडे बघून वात आत ओढते. धाकटा दोन दिवस जेवत नाही. त्याच्या वाटणीची पेज लेकीच्या मुलाला जाते.

यंदा आणखी एक घोळ आहे : अधिक भाद्रपद. वर्ष तेरा महिन्यांचं. चवथ ऑगस्टात यायची ती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ढकलली गेली आहे. चवथीसाठी वेगळं बांधून ठेवलेलं तांदळाचं गाठोडं, गुळाची ढेप, पांढऱ्या वाटाण्यांची पुरचुंडी, या सगळ्यांना महिनाभर जास्त कळ काढायची आहे, शिवाय अधिकात जावयाला वाण द्यायचं ते वेगळंच. बाईने ते कसं दिलं म्हणाल तर घरच्या नारळांचं. गाठोड्याला तिने हात लावू दिला नाही. उलट चवथ उशिरा आल्याचा एक फायदा तिने आधीच हेरला होता : गणपती येईल तेव्हा शेतात कणसं धरलेली असतील, पसरकाराकडून शेवटच्या आठवड्याची उधारी घ्यावी लागणार नाही. कणगीवर पेरं वाजवायची आता गरज नाही. हात घातला तर तळ लागतो.

कापणी. ज्या दिवसाची सगळं घर वर्षभर वाट बघतं, तो दिवस खळ्यावर तुम्हीही बघा. रास चांगली पडली आहे, वीस खंड्या. वास असा, की पोटात कळ यावी. भाटकाराचा माणूस सकाळपासून खुर्ची टाकून बसला आहे. माप भरतं, एक इकडे, एक तिकडे. दहा खंड्या त्याच्या गाडीत. राहिलेल्या दहांतून बियाण्याची एक. न्हावी, लोहार, देवळाचं देणं, पसरकाराची उधारी यांत आणखी एक जाते. उरल्या आठ. एकशेसाठ कुडव, सहा माणसं, एक वर्ष, आणि मधे कधी लेक, कधी पाहुणा. भिरंडाची बी कुटणारी, मिठाचं पाझरलेलं पाणी धरणारी, अर्ध्या तांग्यासाठी कुंभारापुढे उभी राहणारी बाई खळ्याच्या कडेला आहे. एका सकाळी जे गाडीत चढलं, तेवढं वाचवायला तिला किती मडकी घासाघीस करून घ्यावी लागतील, याचा हिशोब तुम्हीच करा. तिने तो कधीच सोडून दिला आहे.

तुम्हाला आणखी एकदा ढकलतो, दहा वर्षं पुढे. मधे 1959त रुपया जाऊन एस्कुदो आला, एका रुपयाचे सहा. बाजारात वर्षभर भांडणं झाली. 19 डिसेंबर 1961ला पोर्तुगीज गेले. निवडणुका झाल्या, पेडण्यातच जन्मलेले आणि स्वतः खाणमालक असलेले भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि 1964त कूळ कायदा आला : जमिनीचा खंड पिकाच्या एक-षष्ठांशापेक्षा जास्त घ्यायचा नाही. कसेल त्याची जमीन व्हायला 1976 उजाडणार आहे, पण ते पुढचं.

1965, तेच खळं. बाई साठीची आहे, लुगडं मुंबईचं. रास पुन्हा वीस खंड्यांची. भाटकाराचा माणूस आला आहे, खुर्ची आणलेली नाही. धाकटा आता मोठा झालाय; तो कायदा वाचून दाखवतो. बापाला हे आवडलेलं नाही. भाटकारासमोर असं बोलायचं नसतं, तो म्हणतो. जागा त्याची, उद्या घर सोडा म्हणाला तर? कितीतरी खळ्यांवर हीच भीती जिंकली आणि माप जुन्याच रीतीने भरलं गेलं. या खळ्यावर बाई पुढे होते. तीन खंड्या आणि वर सात कुडव (अपूर्णांकाचा दाणाही तिने राखला नाही) ती स्वतः मोजून देते. “घेवा,” म्हणते, आदरानेच.

बियाणं आणि देणी काढून घरात चौदा खंड्यांच्या पुढे भात येतं, आणि कधी नव्हे ती अडचण उभी राहते : जुन्या कणगीत एवढं मावत नाही. दुसऱ्या दिवशी कणगी विणणारा अंगणात बांबू टेकवून दर सांगतो. ती दर ऐकते, तुमच्याकडे बघते, त्याच्याकडे बघते, आणि खाली बसते. म्हणजे आता वेळ लागणार.

“तळाक फुटकी कणगी आसा ती व्हर,” ती त्याला म्हणते, “आनी मागीर दर सांग.”