मर्जी आणि निष्ठा : भीमेपलीकडच्या पंडिता रमाबाई

पोस्ट जरा मोठी आहे, सवडीने वाचा.

"माझं आयुष्य, माझी मर्जी." हे वाक्य हल्ली आपल्या कवठे येमाईत कॉलेजच्या पोरापासून साठीतल्या बागायतदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. जमीन विकून गाडी घेतली, मर्जी. हळदीला डीजे, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, मर्जी. म्हातारी आई महिन्याच्या पाळीने एका लेकाकडून दुसऱ्याकडे फिरते, तीही ज्याची त्याची मर्जी. आणि संध्याकाळी पारावर बसणाऱ्यांचं यावर एकच निदान असतं : मोबाईल आला, पाश्चात्त्यांची हवा लागली, संस्कार गेले.

मला हे निदान पटत नाही. का पटत नाही ते सांगायला मी तुम्हाला लांब नेणार नाही. शिरूरहून न्हावऱ्याकडे निघा, पारगावला भीमा ओलांडा, पुढे केडगाव लागतं. दौंड तालुक्यातल्या या गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ति मिशन आहे. आपण रेल्वेने, एसटीने शंभर वेळा त्या बाजूने गेलो असू. आत काय झालं होतं, ते फार थोड्यांना माहीत आहे.

आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरची कुलस्वामिनी येमाई. धर्मांतराचा प्रचार करायला मी बसलेलो नाही. पण 'निष्ठा' म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल, तर आपल्या परिसरात या ख्रिस्ती बाईंइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात संसार थाटला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेत पुराणं सांगत पायी फिरलं. दुष्काळात आईवडील गेले. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास चालत राहिले. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, लग्न केलं. १८८२ मध्ये पटकीने नवराही गेला. कडेवर मनोरमा ही लहानगी लेक. वय २३.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, स्त्रियांना डॉक्टर आणि शिक्षिका करा म्हणून मागणी केली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की आजचा तरुण म्हणतो, "भारीच की! बाईने कुणालाच जुमानलं नाही. आपल्या मर्जीने जगली." महिला दिनाच्या भाषणांतही हेच असतं. बंडखोर रमाबाई, स्वतंत्र रमाबाई. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

इंग्लंडमध्ये काय झालं बघा. ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्यांची अपेक्षा होती की आता ही मुकाट्याने चर्चचं ऐकेल. रमाबाईंनी ऐकलं नाही. शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्यांनी विचारला. जी शिकवण बुद्धीला पटली नाही ती पटली नाही असं पत्रांतून तोंडावर कळवलं. म्हणजे शास्त्र्यांना नाही म्हटलं, आणि ज्यांच्या घरी राहत होत्या त्या मिशनऱ्यांनाही नाही म्हटलं. मग १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे व्याख्यानं देत गावोगाव फिरल्या. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचं पुस्तक १८८७ चं. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली, दहा वर्षं पैसा द्यायचं तिने कबूल केलं.

आता नीट विचार करा. तिशीच्या आतली विधवा, जगभर नाव, सोबत एकच लेक, परदेशात मानसन्मान. कुणाचं बंधन नाही. 'माझी मर्जी' म्हणायला याहून चांगली संधी कुठली? ही बाई परत आली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडलं, विधवा मुलींसाठी.

त्या काळातला समाज फार कडक, नियमांचा होता असं आपण मानतो. बायकांसाठी होताच. पुरुषांसाठी? साठीतला बिजवर दहा वर्षांची नवरी आणायचा. तो मेला की तिचं केशवपन, आणि पुढचं आयुष्य घरच्यांच्या वापराला. १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, तोही वय १० वरून १२ करण्यापुरता. आणि त्यालाही विरोध करायला आपल्या पुण्यात सभा भरल्या. एखादी विधवा घरातल्याच कुणाकडून गरोदर राहिली तर ती घराबाहेर, आणि तो मात्र सकाळी सोवळं नेसून पूजेला. मोबाईल नव्हता, पाश्चात्त्य हवा नव्हती, तरी स्वैराचार होता. मौज एकाने करायची, भोग दुसरीने भोगायचे, एवढाच त्याचा नियम. म्हणून म्हणतो, पारावरचं निदान चुकीचं आहे. आजही कुणाच्याही मर्जीचा हिशोब करताना मी हेच विचारतो : याचं बिल कोण भरतंय?

शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. रमाबाईंनी शब्द दिला होता की इथे कुणावर ख्रिस्ती धर्म लादला जाणार नाही. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बाहेर बातमी गेली. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या.

एक दार लावून घेतलं असतं, तर संस्था वाचली असती. सल्ला तसा मिळालाच असणार. रमाबाईंची बाजू अशी होती : मुलींना आपापला देव पुजायची मोकळीक आहे, मलाही माझी आहे, आणि माझी श्रद्धा मी चोरासारखी लपवणार नाही. इथे दुसरी बाजूही मांडायला हवी. शिक्षिकेच्या खोलीचं उघडं दार पोरक्या मुलीला ओढतंच. पालकांची भीती निराधार नव्हती. रानड्यांसारखा माणूस उगाच बाजूला होत नाही.

पण त्याच सदनातली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. तिथे शिकली, हिंदूच राहिली, आणि १८९३ मध्येच तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला वाढला. रमाबाईंना शिव्या देणारे पुष्कळ होते. 'मग आपणच काढू की' म्हणणारे कर्वे. विरोध करायचा तर असा करावा.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाईंना आपल्या आईवडिलांचं मरण आठवलं असेल. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या, दलालांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुलींना शेकड्याने घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या जणी ठेवायच्या कुठे? केडगावला त्यांनी आधी जमीन घेतली होती. तिथे तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या, विहिरी खणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडूनही मुली आल्या. तिथली वस्ती दीड हजाराच्या वर गेली. दीड हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे काय, हे आपल्याकडे एक लग्न काढलेल्या माणसाला विचारा. मुली शेती करत, माग चालवत, घाणा चालवत, छापखान्यात खिळे जुळवत. मनोरमेने ब्रेल शिकून अंध मुलींना वाचायला शिकवलं.

आणि तिथे एक 'कृपा सदन' होतं. फसवलेल्या, 'बिघडलेली' म्हणून घराने आणि गावाने टाकलेल्या बायकांसाठी. ज्यांनी त्यांना फसवलं ते आपापल्या घरी सुखात होते. त्यांचं बिल केडगावात रमाबाई भरत होत्या.

सरकार गोऱ्या ख्रिस्ती साहेबांचं होतं म्हणून रमाबाई गप्प बसल्या, असंही नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांचे काय हाल होतात, आपल्या एका मुलीचं काय झालं, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहून विचारलं. मुंबईच्या गव्हर्नरलाच त्यामुळे खुलासे करावे लागले. एका निराधार पोरीसाठी सत्तेशी वाकडं घ्यायला रमाबाई कचरल्या नाहीत.

धर्मांतराचा आक्षेप केडगावलाही लागू होता, आजही लोक घेतात. भुकेल्या पोराला भाकरी देणाऱ्याचा देव लवकर पटतो, हे खरंच आहे. मी तो आक्षेप उडवून लावणार नाही. फक्त त्याच्या जोडीला एक प्रश्न ठेवतो : त्या मुली ज्या गावांतून निघाल्या, त्या गावांत देवळं होती, सावकार होते, पाटील होते. त्यांना दारात कुणी उभं केलं?

शेवटची दीड दशकं रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. पंडिती मराठी त्यांना सहज आली असती. त्यांनी मुद्दाम साधी भाषा धरली, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी. छपाई केडगावच्याच छापखान्यात, मुलींच्या हातून. १९२१ मध्ये मनोरमा गेली, वय ४०. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती लेकच गेली. रमाबाई कामावर बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ६४ वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.

आता सांगा, ही बाई आपल्या मर्जीने जगली का? निवडलं सगळं स्वतः, कुणाच्या दबावाखाली नाही. पण एकदा निवडल्यावर स्वतःला त्यात बांधून घेतलं ते मरेपर्यंत. ख्रिस्तावरची निष्ठा त्यांच्यासाठी रविवारच्या प्रार्थनेपुरती नव्हती. जिला कुणी घेत नाही तिला घ्यायचं आणि मग सोडायचं नाही, असा तिचा रोजचा अर्थ होता. सल्लागार गेले, पैशाची खात्री गेली, लेक गेली, तरी तो अर्थ बदलला नाही. मर्जी मात्र अडचण आली की बदलते.

हे सगळं आज का लिहितोय? रमाबाई गेल्या १९२२ मध्ये. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. शंभर वर्षांनीही ठराव करावा लागला, यातच आलं सगळं. आणि ठरावाचा कागद दप्तरात राहतो. सख्ख्या भावजयीला हळदीकुंकवाला पुढे बोलवायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या अंगणात ठरतं. तिथे आपण काय म्हणतो? "लोक काय म्हणतील." म्हणजे स्वतःच्या मौजेला 'माझी मर्जी', आणि दुसऱ्याच्या हक्काला 'लोक काय म्हणतील'. ही आपली सोय आहे, तिला संस्कृती म्हणू नका.

म्हणून माझं सांगणं एवढंच. कुणी येमाईचा असेल, कुणी पांडुरंगाचा, कुणी येशूचा, कुणी कुठलाच नसेल. तुमची निष्ठा मोठ्या आवाजातल्या आरतीवरून किंवा स्टेटसवरून मला कळणार नाही. तुमच्या घरातल्या, भावकीतल्या, वस्तीवरच्या टाकलेल्या माणसाशी तुम्ही कसे वागता त्यावरून कळेल. येत्या ग्रामसभेत विधवा प्रथेचा विषय आपापल्या गावात काढा. ठराव झालेला असेल तर तो पाळला जातो का ते विचारा. सुरुवात बायकांना करायला लावू नका, पुरुषांनी हात वर करा.

आणि केडगावला कधी गेलात तर मुक्ति मिशन बाहेरून तरी बघून या. ते आजही चालू आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नसेल पटलं तर खाली लिहा, पण सभ्य भाषेत.