तिएरा देल फ्वेगो

तिएरा देल फ्वेगो हा दक्षिण अमेरिका खंडाच्या अगदी दक्षिण टोकाशी असलेला द्वीपसमूह आहे. मॅजेलनच्या सामुद्रधुनीमुळे तो मुख्य भूमीपासून अलग झाला आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४८,००० चौरस किलोमीटर असून त्याचा पश्चिम भाग चिलीकडे, तर पूर्व भाग आर्जेन्टिनाकडे आहे. ही वाटणी १८८१ च्या सीमाकराराने झाली. अतिदक्षिणेला केप हॉर्न हे भूशिर आहे.

नाव

स्पॅनिश नावाचा अर्थ 'अग्निभूमी' असा होतो. एवढ्या थंड आणि वादळी प्रदेशाला हे नाव विसंगत वाटेल. परंतु १५२० साली येथून जाणाऱ्या मॅजेलनच्या खलाशांना किनाऱ्यावर स्थानिकांनी पेटवलेल्या शेकोट्या दिसल्या, त्यावरून ते रूढ झाले.

मूळ रहिवासी

सेल्कनाम (यांना ओना असेही म्हणतात) हे मुख्य बेटावर पायी फिरून ग्वानाको या उंटवर्गीय प्राण्याची शिकार करीत. यागान लोकांचे जीवन दक्षिणेकडील जलमार्गांवर, सालीच्या होड्यांमध्ये जाई. होडीतही ते विस्तव जपून ठेवीत. पूर्व टोकाला हाउश आणि पश्चिमेकडील बेटांत कावेस्कार राहत.

सेल्कनाम मुलांच्या प्रौढत्वदीक्षेचा 'हाइन' हा विधी महिनोन्‌महिने चाले. पुरुष अंगावर तांबडे, पांढरे व काळे पट्टे रंगवून, मुखवटे घालून आत्म्यांची रूपे घेत. मुखवट्यामागे आपलेच आप्त आहेत हे गुपित मुलांना यथावकाश कळे, स्त्रियांना मात्र सांगितले जात नसे. मिशनरी व मानववंशशास्त्रज्ञ मार्टिन गुसिंडे यांनी १९२३ मध्ये या विधीची छायाचित्रे घेतली. आज हा विधी मुख्यतः त्यांच्यामुळेच ज्ञात आहे.

चार्ल्स डार्विन यांना १८३२ च्या अखेरीस येथील लोकांची भाषा जेमतेम उच्चारित वाटली होती. पुढे टॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने येथील यागान भाषेचा सुमारे ३२,००० शब्दांचा कोश सिद्ध केला. परक्या भाषेविषयी घाईने मत देणाऱ्या प्रत्येकाने ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत.

वंशसंहार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोन्याच्या शोधात आलेले लोक आणि मेंढपाळीच्या प्रचंड कंपन्या येथे आल्या. कुरणांना कुंपणे पडली, ग्वानाको दुर्मीळ झाले आणि उपाशी सेल्कनाम मेंढ्या मारू लागले. तेव्हा त्यांना ठार करणाऱ्यांना, पुरावा म्हणून आणलेल्या कानांच्या वा हातांच्या मोबदल्यात पैसे दिले गेले. ज्युलियस पॉपर याने १८८६ च्या मोहिमेत मारलेल्या माणसाच्या प्रेताजवळ छायाचित्र काढून घेतले. वाचलेल्यांपैकी अनेकांना डॉसन बेटावरील सालेशियन मिशनमध्ये नेण्यात आले. तेथे क्षय व अन्य साथींनी बहुतेक दगावले. १८८० च्या सुमारास सुमारे चार हजार असलेले सेल्कनाम १९३० पर्यंत शंभराच्या आसपास उरले.

'नामशेष' हा शब्द मात्र जपून वापरावा. वंशज आजही आहेत, आणि २०२३ मध्ये चिलीने सेल्कनामांना आदिवासी समूह म्हणून कायद्याने मान्यता दिली. यागान मातृभाषा असलेल्या अखेरच्या व्यक्ती क्रिस्तिना काल्देरोन यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

उशुआइया

१८८४ मध्ये स्थापन झालेले हे शहर आर्जेन्टिनाच्या प्रांताची राजधानी आहे. येथील तुरुंग १९४७ मध्ये बंद झाला. कैदी ज्या छोट्या आगगाडीने जंगलातून लाकूड आणीत, त्याच मार्गाच्या काही भागावर आता पर्यटकांची गाडी धावते.

वन्यजीव

ग्वानाको, तांबूस कोल्हा, अँडीयन कोंडोर, मॅजेलनी पेंग्विन आणि समुद्रसिंह हे येथील प्रमुख प्राणी होत. वनांत लेंगा हा पानझडी वृक्ष विपुल असून शरद ऋतूत डोंगर लालभडक होतात. १९४६ मध्ये फरच्या उद्योगासाठी कॅनडातून बीव्हरच्या दहा जोड्या आणून सोडल्या. उद्योग उभा राहिला नाही. नैसर्गिक शत्रू नसल्याने बीव्हर मात्र लाखाच्या घरात गेले. कुरतडलेल्या खोडाला पुन्हा फुटवा येण्याचा गुण उत्तर अमेरिकेतील अनेक झाडांत असतो, लेंगात तो नाही. शिवाय बीव्हरच्या बांधांमुळे तुंबलेल्या पाण्यात उभी वने वाळून जातात.

प्रतीके

आर्जेन्टिनाच्या प्रांताचा ध्वज १९९९ मध्ये स्वीकारला गेला. त्यावर नारिंगी व निळा रंग, उडणारा पांढरा अल्बाट्रॉस आणि दक्षिण क्रॉस तारकासमूह आहे. नारिंगी रंग नावातील अग्नीचा मानतात.