रोटरी इंजिनाचे पोर्टिंग : घरगुती कार्यशाळेसाठी साधनांची निवड

फेलिक्स वांकेल या जर्मन तंत्रज्ञाच्या कल्पनेतून साकारलेले रोटरी इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत प्रथम चालू झाले. जपानच्या माझदा कंपनीने १९६७च्या ‘कॉस्मो स्पोर्ट’पासून ते चिकाटीने जोपासले आणि ‘आरएक्स-७’ (१९७८ ते २००२) या मोटारीमुळे ते हौशी मंडळींच्या हाती आले. या इंजिनात झडपा नसतात. मिश्रण आत घेणे आणि धूर बाहेर सोडणे ही कामे आवरणातील छिद्रे, म्हणजेच पोर्ट करतात. ही छिद्रे वाढवून शक्ती मिळविण्याच्या क्रियेला पोर्टिंग म्हणतात. येथील विवेचन प्रामुख्याने प्रत्येकी ६५४ घन सेंटीमीटरचे दोन रोटर असलेल्या १३-बी इंजिनापुरते आहे.

धातू दोन, साधने वेगळी

१३-बीचे आत घेणारे पोर्ट सहसा बिडाच्या बाजूच्या आवरणांत असतात. धूर सोडणारे पोर्ट मात्र ॲल्युमिनियमच्या रोटर आवरणात असून त्यांत पोलादी बाही बसविलेली असते. (‘आरएक्स-८’च्या इंजिनात धुराचे पोर्टही बाजूला असल्याने तेथे हा भेद लागू नाही.) बीड आणि पोलादासाठी दुहेरी काटछेदाचे टंग्स्टन कार्बाइड बर घ्यावेत. ॲल्युमिनियमसाठी रुंद खाचांचे, एकेरी छेदाचे बर लागतात. बारीक दातांत हा मऊ धातू भरून बसतो व बर कापेनासा होतो. त्यावर मेण किंवा कटिंग तेलाचा हलका हात उपयोगी पडतो. आकारांत गोल टोकाचा दंडगोल आणि ज्योतीच्या आकाराचा असे दोन बर बहुतेक कामाला पुरतात.

ग्राइंडर कोणता?

हवेवर चालणारा डाय ग्राइंडर हलका असतो, तापत नाही आणि त्याचा वेग खटक्याने कमी-जास्त करता येतो. मात्र तो अखंड हवा खातो. लहान टाकीचा कॉम्प्रेसर काही क्षणांतच दमतो. मोठा कॉम्प्रेसर नसल्यास वेगनियंत्रण असलेला विजेचा डाय ग्राइंडर घेणे शहाणपणाचे. तो जड असला तरी त्याची गती सहसा ढळत नाही. छंदकामाचे छोटे रोटरी यंत्र कडा साफ करण्यापुरतेच ठीक. त्याने बीड कापू पाहणे म्हणजे वेळ आणि यंत्र दोन्ही गमावणे होय.

खोल मार्गासाठी लांब दांड्याचा बर लागतो. असा बर मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने फिरविल्यास दांडा वाकून उडण्याचा धोका असतो. म्हणून त्याचे टोक पोर्टमध्ये नेऊन मगच मंद गतीने यंत्र सुरू करावे.

आखणी हेच खरे काम

कापलेला धातू परत येत नाही. जुन्या इंजिनांची चांगली आवरणे मिळणे दिवसेंदिवस दुर्मीळ व महाग होत आहे. त्यामुळे मार्किंग ब्लू, टोकदार स्क्रायबर, व्हर्नियर आणि पातळ पत्र्याचे टेम्प्लेट यांवरील खर्च ग्राइंडरइतकाच आवश्यक मानावा. बाजूच्या पोर्टची बाहेरची कड कॉर्नर सीलच्या मार्गात आणि आतली कड ऑइल सीलच्या मार्गात जाता कामा नये. पोर्ट बंद होण्याची कड साइड सीलला समांतर झाल्यास सील आधार सुटून छिद्रात अडकते. म्हणून ती तिरपी ठेवून बारीक कानशीने तिची धार मारावी. धुराचा पोर्ट वाजवीपेक्षा रुंद केल्यास अ‍ॅपेक्स सीलचाही आधार जातो.

नवशिक्याने मूळ छिद्र माफक वाढविणाऱ्या ‘स्ट्रीट पोर्ट’वरच थांबावे. ‘ब्रिज पोर्ट’मध्ये कॉर्नर सीलच्या मार्गापलीकडे दुसरी खाच कापली जाते. तेथे पाण्याच्या सीलपर्यंत अंतर फार थोडे उरते आणि एक चूक आवरण निकामी करते. १९९१ साली ल मां शर्यत जिंकणाऱ्या ‘७८७-बी’चे ‘पेरिफेरल पोर्ट’ हे तर शर्यतीचेच तंत्र. रस्त्यावरच्या मंद गतीला ते मानवत नाही.

शेवटचा हात व सुरक्षितता

बरनंतर ६० ते १२० क्रमांकाचे सँडिंग रोल वापरावेत. आत घेणाऱ्या मार्गाला आरशासारखी चकाकी देण्याची गरज नाही. सील ज्या पृष्ठभागावर सरकते, तो जाड चिकटपट्टी व पत्र्याने झाकावा. तेथील एक ओरखडाही गळतीला पुरेसा होतो. इंजिन पूर्ण सुटे केल्याशिवाय बर लावू नये. काम संपल्यावर तेलाचे मार्ग व भाग गरम साबणपाण्याने धुऊन, हवेने फुंकून बिडावर लगेच तेल लावावे. मागे राहिलेला कीस बेअरिंग खातो.

बंद चष्मा व त्यावर चेहऱ्याची ढाल, धुळीचा मुखवटा आणि कानरक्षक यांना पर्याय नाही. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी दूर ठेवावी. कार्बाइडचा कीस सुईसारखा असतो. तो मुलांच्या वावरात येऊ देऊ नये.

वाढविलेल्या पोर्टमुळे आवाज व प्रदूषण दोन्ही वाढतात. भारतात नोंदणीकृत वाहनातील फेरफारांवर मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ची बंधने आहेत. अन्य देशांतही उत्सर्जनाचे नियम असतात. हत्यार हाती घेण्यापूर्वी ते पाहून घेणे हिताचे.