तुळईतील कडी : बडोद्याच्या मराठी घरांतील झोपाळा

घरातील इतर सामान मागाहून येते आणि हवे तेव्हा हलविता येते. झोपाळ्याचे तसे नाही. त्याची जागा घर बांधतानाच ठरावी लागते, कारण त्याचा सारा भार जमिनीवर नसून छतावर असतो. आज घरोघरी टांगत्या वेताच्या खुर्च्या दिसू लागल्या असताना या जुन्या आसनाचा इतिहास आठवणे उचित ठरेल.

टांगत्या आसनाची परंपरा आपल्याकडे फार प्राचीन आहे. वैदिक महाव्रत विधीत होता नावाचा ऋत्विज झोपाळ्यावर बसून शस्त्रपठण करी. ऐतरेय आरण्यकात त्याचे सविस्तर वर्णन आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाच्या उपवनात छायेतील झोपाळा सांगितला आहे. रागमाला चित्रांत हिंदोल रागाची ओळखच झोपाळ्यावरून पटते. यज्ञमंडप, उपवन आणि देवालय असा प्रवास करीत हे आसन गृहस्थाच्या ओसरीत स्थिरावले.

1734 मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांच्या हाती आले आणि त्यांच्यामागोमाग देशावरची व कोकणातली कुटुंबे तेथे वसत गेली. झोपाळा त्यांना अपरिचित नव्हता. कोकणातल्या पडवीत तो होताच, आणि चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौरीला लहानशा झोपाळ्यात बसवून हळदीकुंकू, आंब्याची डाळ व पन्हे यांचा सोहळा करण्याची रीत त्यांनी बरोबर आणलीच होती. गुजरातेत मात्र त्यांना ‘हिंचको’ भेटला. दुपारच्या उकाड्यात वारा घेण्याचे, पाहुण्याला मानाने बसविण्याचे आणि जेवणानंतर पान लावण्याचे हे रोजचे ठिकाण. वैष्णव हवेल्यांत श्रावणाच्या सुमारास ठाकुरजींचे हिंडोळे सजत, तर मराठी देवघरात चैत्रात गौर झुले. एकाच शहरातल्या या दोन परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदल्या.

या आसनाला रूप दिले ते संखेड्याच्या कारागिरांनी. पूर्वी बडोदे संस्थानात असलेले आणि 2013 पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडणारे हे गाव लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील खरादी सागवान चरकावर धरून गोल कातून काढतात, त्यावर कथलाच्या मिश्रणाने नक्षी रेखतात, लाखेचा थर देतात आणि अकीकाने घोटून चकाकी आणतात. लाखेखालचे कथील सोन्यासारखे दिसते ते त्यामुळे. अशा पाटाला हत्ती, मोर, पोपट कोरलेल्या पितळी कांबी लाभल्या की झोपाळा घराची शोभा होई.

परंतु झोपाळ्याचा खरा आधार तुळईतील कडी. झोका घेताना कड्यांवर येणारा ताण स्थिर वजनापेक्षा अधिक असतो. तीन माणसे व पाट मिळून 220 किलो भार धरला, तर 30 अंशांच्या झोक्यात खालच्या बिंदूशी तो सुमारे 280 किलोइतका भासतो आणि 60 अंशांच्या झोक्यात दुप्पट, म्हणजे 440 किलोइतका. शिवाय तो सतत पुढेमागे ओढतो. अडीच मीटर लांबीच्या कांबीचा झोपाळा 30 अंशांपर्यंत गेला, तर मध्यापासून सव्वा मीटर पुढे आणि तेवढाच मागे जातो. तेवढी मोकळी जागा नसेल, तर पाट भिंतीवर आदळणार हे उघड आहे.

लाकडी वाड्यांची जागा सिमेंटच्या छपरांनी घेतली, तेव्हा जाणत्या घरमालकांनी काँक्रीट ओतण्यापूर्वी छपराच्या सळयांत कडी अडकवून घेतली. ज्यांनी तसे केले नाही, त्यांना पुढे छपरात भोक पाडून खिळी बसवावी लागली. अशा वेळी अभियंत्याचा सल्ला घेणे हाच सुज्ञपणा. शोभेच्या खोट्या छताला तर कधीच काही टांगू नये.

टांगत्या खुर्चीचा उगम निराळा आहे. डेन्मार्कमध्ये नाना डिट्झेल यांची अंड्याच्या आकाराची वेताची टांगती खुर्ची 1959 मध्ये आली, आणि फिनलंडचे एरो आर्निओ यांनी 1968 मध्ये पारदर्शक बुडबुड्यासारखी खुर्ची घडविली. दोन्ही सुंदर आहेत. पण त्यांची बैठक एकट्याची, एकाच कडीवर गोल फिरणारी. एकांतात वाचावयास ती उत्तम. झोपाळ्यावर मात्र आजोबा, सून आणि नातवंड शेजारी बसत. एकाने पायाने ठोसा दिला की तिघेही हलत. समोरासमोर बोलण्यास अवघड असे कितीतरी विषय त्या संथ लयीत, एकाच दिशेला पाहत सहज बोलले जात.

आज जुने वाडे पाडून सदनिका उभ्या राहतात, तेव्हा पाट आणि पितळी कांबी जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात. तुळई मात्र सरपणाच्या भावाने निघते. वाडा वाचविणे प्रत्येकाच्या आवाक्यातले नसते. तथापि पाट व कांबी विकण्यापूर्वी नव्या घराच्या नकाशात त्यांच्यासाठी दोन कड्यांची जागा आखून घ्यावी. काँक्रीट ओतण्याआधी हे काम अल्प खर्चाचे आहे. नंतर ते पुष्कळ महाग पडते. चैत्रातल्या गौरीचा झोपाळा कपाटात मावतो, घरच्या माणसांचा मावत नाही.